तळघरातल्या दोनशे बारा बरण्या

सोफिया, ४ सप्टेंबर

प्रिय ताई,

हाताने लिहिलेलं पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. आमच्या 'नौका' संघाच्या कार्यकारिणीने ठरवलं आहे, की जगाची घडी विसकटली की सगळ्यात आधी फोन बंद पडणार. तेव्हा सवय व्हावी म्हणून यापुढे संघाचं सगळं काम टपालानेच चालेल. पत्र मिळालं की नाही हे विचारायला तुझी भावजय स्नेझाना तुला रविवारी फोन करेल.

आता कामाचं. वीज गेली, बँका बसल्या, शहरात लोक एकमेकांच्या नरडीला लागले, की आसऱ्याला कुठे जायचं हे नक्की झालं आहे. आपलं चेर्नोदोल. शहरापासून लांब, आत यायला एकच रस्ता, झरा घरचा, आणि आमच्यातल्या बहुतेकांचे आईवडील तिथलेच. शाळेची बंद इमारत राहायला आणि जुन्या सहकारी संस्थेचं तळघर साठ्याला वापरायची परवानगी मिळाली आहे. वेळ आली की आम्ही चौतीस जण अकरा गाड्यांनी तीन तासांत गावात पोचू.

सोय मात्र चाळीसच जणांची आहे. गावात तुम्ही एकोणीस. म्हणजे त्रेपन्न माणसं आणि चाळीस जागा. म्हणून आम्ही गुणपद्धत केली आहे आणि ती सर्वांना सारखी आहे, मग तो शहरातला असो की गावातला. डॉक्टरला वीस गुण, जनित्र दुरुस्त करणाऱ्याला बारा, नेमबाजाला दहा, परकी भाषा येत असेल तर तीन. तळघरात जमा होणाऱ्या हिवाळी साठ्याच्या दर बरणीमागे एक गुण, पण तो बरणी आणणाऱ्याला मिळणार नाही. ज्याच्या हातची बरणी, त्याला गुण. ही दुरुस्ती मी सुचवली. नाहीतर लोक दुकानातून खोकी भरून आणतील आणि यादीत वर चढतील. शिवाय स्नेझानाच्या पीचच्या बरण्यांना थोडा न्याय मिळेल.

यंदाचा हिवाळा सरावाचा. पहिलं बर्फ पडलं की शाळेत शेगडी पेटेल. रोज सकाळी घंटा होईल आणि यादीतल्या गावकऱ्यांची हजेरी घेतली जाईल. जो हजर नसेल त्याच्या घरी दोघांनी जाऊन बघायचं. आम्ही शनिवार-रविवार येत जाऊ.

तू चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंस, खोटं बोलत नाहीस, आणि तुझं अक्षर वाचता येतं. म्हणून कोठाराचा कारभार तुझ्याकडे एकमताने सोपवला आहे.

तुझा,
लुबेन


चेर्नोदोल, १३ सप्टेंबर

प्रिय लुबेन,

पत्र काल मिळालं. स्नेझानाचा फोन रविवारीच येऊन गेला, आणि पत्रातलं सगळं तिने तेव्हाच सांगितलं. पीचचं दोनदा सांगितलं.

तुझं पत्र मी वर्गात वह्या तपासायचे तसं तपासलं. गाव लांब आहे, रस्ता एक आहे, झरा आहे, हे आधी येतं. गावात माणसं आहेत हे मागाहून येतं, तेही वजाबाकीत. आणि घडी विसकटण्याची वाट तुम्ही सोफियात बघत बसा. इथे शाळा बंद झाली, दुकान बंद झालं, बस आठवड्यातून दोनदा येते आणि बर्फात तीही येत नाही. डॉक्टर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतो, म्हणून आम्ही आजारी मंगळवारीच पडतो. आमच्याकडे ती घडी विसकटून अकरा वर्षं झाली. तुम्हाला कळवायचं राहिलं, एवढंच.

कोठार मी सांभाळीन. कारण एकच, ती सकाळची हजेरी. तुमच्या सगळ्या नियमांत शहाणपणाचा तेवढाच आहे.

बातमी गावात पसरली तशी रायनाकाकू माझ्या फाटकाशी येऊन उभी राहिली. काळा रुमाल, हातात काठी, वय एक्याऐंशी.

"मास्तरीण, त्या यादीत मला किती गुण?"

मी तक्ता काढला. "काकू, परकी भाषा?"

"पलीकडच्या गावातले बोलतात ते मला निम्मं कळत नाही. ते चालेल?"

"नेम धरता येतो?"

"एकदा नवऱ्याला लाटणं फेकून मारलं होतं. लागलं."

याला गुण नाहीत म्हटल्यावर तिने मान डोलावली आणि म्हणाली, "शेगडी नको मला. तुमचं जेवणही नको. सकाळी कोणीतरी माझं नाव घ्यावं, आणि मी ओ दिली नाही तर दार ढकलावं. एवढ्यापुरतं घ्या मला."

तुला माहीत नसेल म्हणून लिहिते. गेल्या फेब्रुवारीत ती स्वयंपाकघरात पाय घसरून पडली. मंगळवार दुपारपासून गुरुवार सकाळपर्यंत फरशीवर होती. पेन्शन घेऊन टपालवाली आली म्हणून सापडली. मुलगा स्पेनमध्ये संत्री तोडतो. माझं घर तिच्या घरापासून चाळीस पावलांवर आहे.

तिला यादीत कसं बसवायचं ते कळव.

वेसेलिना


सोफिया, २४ सप्टेंबर

प्रिय ताई,

रायनाकाकूंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण आपत्तीत भावना कामाच्या नाहीत, असं कर्नल त्सेनोव म्हणतात. ते संघाचे सुरक्षाप्रमुख. सैन्यात असताना त्यांच्याकडे गणवेशांचं कोठार होतं, त्यामुळे शिस्तीचा त्यांना अनुभव आहे. त्यांचं म्हणणं, पंचाहत्तरच्या पुढच्या, कौशल्य नसलेल्या व्यक्तींना 'सल्लागार' करावं. सल्लागारांचं नाव यादीत नसतं, पण त्यांचा सल्ला घेतला जातो, गरज पडली तर.

मी भांडलो, ताई, खरंच. एवढं मिळवलं, की नियम काकूंनाही लागू आहे. त्यांनी स्वतःच्या हातच्या बरण्या द्याव्यात. पंचवीस-तीस जमल्या तर शेवटच्या जागांत बसतील. त्यांना तसं सांग.

५ ऑक्टोबरला, शनिवारी, रंगीत तालीम. प्रत्येक सभासद घरातला साठा घेऊन येईल. गावकऱ्यांनीही त्याच दिवशी जमा करावा. गावाच्या वेशीवर परवलीचा शब्द विचारला जाईल. शब्द आहे 'अक्रोड'. कोणाला सांगू नकोस.

लुबेन


चेर्नोदोल, ८ ऑक्टोबर

प्रिय लुबेन,

तू तालमीला होतास, तरी कोठारपाल म्हणून लेखी अहवाल द्यायला मी बांधील आहे. तुम्ही गेल्यावर जे झालं ते तुला माहीत नाही.

अकरापैकी नऊ गाड्या पोचल्या. एक धरणाकडे वळली, कारण गाव गुप्त राहावं म्हणून कर्नलांनी वळणावरची पाटी काढून ठेवली होती. दुसरी तिला शोधायला गेली. वेशीवर आपल्या गावातल्या दोब्रीला पहाऱ्यावर बसवलं होतं. त्याने कोणालाच परवलीचा शब्द विचारला नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "पोरांना लहानपणापासून ओळखतो, मास्तरीण. शब्द काय विचारायचा? मीच त्यांना म्हटलं, अक्रोड घेऊन जा, यंदा खूप आलेत." दुपारी बाराला कॉफी कुठे मिळते याची चौकशी झाली. चारला सगळे परतले, कारण सोमवारी कामावर जायचं होतं आणि रविवारी विश्रांती हवी होती.

आता साठा. तळघरात दोनशे बारा बरण्या जमा झाल्या. सोमवारपर्यंत मी एकेक उचलून वहीत घेतली. कोणाच्या हातची हे ओळखायला इथे कोणाला चिठ्ठी लागत नाही. दोब्रीची बायको मिरच्या उभ्या लावते, टपालवालीची आई झाकणाला मेण लावते. रायनाकाकू कोबी, गाजर आणि हिरव्या टोमॅटोवर अजमोद्याची दोन पानं फुलीसारखी ठेवते आणि झाकणावर निळ्या पेन्सिलीने साल लिहिते.

दोनशे बारापैकी एकशे एकतीस बरण्यांवर ती फुली आहे.

तिने स्वतः आणल्या बावीस. बाकीच्या एकशे नऊ तुम्ही आणल्यात. कशा, ते तुलाही माहीत आहे. गावातून गाडी निघाली की रायनाकाकू काठी टेकत येते, काच खाली करायला लावते आणि बरणी आत देते. तिची ही खारवलेल्या भाज्यांची तुर्शिया म्हणजे समुद्र. एक घास खाल्ला की दिवसभर पाणी पीत बसायचं. नको म्हणवत नाही, खाववत नाही, टाकवतही नाही. मग ती बाल्कनीतल्या कपाटात मागे जाते. आणि 'साठा आणा' असा हुकूम निघाला, की माणूस कपाटात हात घालतो आणि जी बरणी गेली तरी चालेल तीच उचलतो. सगळ्यात जुन्या बरणीवर पंधरा वर्षांपूर्वीचं साल आहे. ती खुद्द कर्नलांनी आणली. त्यांची सासू इथलीच.

ज्यांच्या हाताला चव आहे त्यांच्या बरण्या तळघरात आल्याच नाहीत. त्या लोकांनी खाल्ल्या. स्नेझानाच्या दोन आहेत, त्या तिनेच आणलेल्या.

नियमाप्रमाणे गुण मांडले. पहिली रायनाकाकू, एकशे एकतीस. दुसरी तुमच्या संघातली दातांची डॉक्टर, वीस गुण आणि स्वतःच्या चार बरण्या, चोवीस. तू त्रेचाळिसावा, फ्रेंच भाषेचे तीन. यादीत चाळीस नावं आहेत.

आणखी एक गोष्ट. त्या एकशे नऊमध्ये सहा बरण्या माझ्या घरातल्या आहेत. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं आणि तिची बरणी दर वेळी "फार छान झाली होती" म्हणत फडताळात मागे सरकवली. आपल्याकडे बरणी धुऊन परत करायची असते, मोकळी नाही, आत काहीतरी घालून. मी एकही केली नाही. गेल्या फेब्रुवारीत, त्या मंगळवारी, तिची एक बरणी माझ्या ओट्यावर होती. दुसऱ्या दिवशी ती परत द्यायला गेले असते, तर काकू बुधवारीच सापडली असती.

हे अहवालात घालायचं की नाही ते तू ठरव.

वेसेलिना


सोफिया, १७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझा अहवाल कार्यकारिणीत वाचला. शेवटचा परिच्छेद मी वाचला नाही. तो माझ्याजवळ आहे.

बैठक चार तास चालली. कर्नलांचं मत, हा घातपात आहे. रायनाकाकूंनी पंधरा वर्षं आधीपासून तयारी करून ठेवली असणार. त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाले, "ज्या किल्ल्याची पहिली नोंद एक्याऐंशी वर्षांची बाई आहे, त्या किल्ल्यावर हसत हसत चाल करून येतील लोक." कोण येणार, हे त्यांनी सांगितलं नाही. मी म्हटलं की गावानेच एकमुखाने काकूंच्या बाजूने कौल दिलेला दिसतो. त्यावर दातांची डॉक्टर इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

माझ्या त्रेचाळिसाव्या क्रमांकावर कोणी काही बोललं नाही, हे मला जास्त लागलं. संघ काढला मी. नौकेचं चित्र काढलं मी. आणि नौकेत मीच नाही. स्नेझाना म्हणते, यादी पाळायची तर पाळा, मी बहिणीकडे वार्नाला जाईन, तिथे गुण मागत नाहीत.

शेवटी दुरुस्ती झाली. बरणीला गुण मिळेल, पण ती 'खाण्यायोग्य' असली तरच. आणि ते तू ठरवायचं आहेस, शास्त्रीय पद्धतीने. ताई, तू समजून घे. कागदावर एक शब्द हवा आहे. 'अयोग्य' एवढा लिहिलास की सगळं सुरळीत होईल. काकूंना मी स्वतः सल्लागार म्हणून सुंदर प्रमाणपत्र करून पाठवीन.

लुबेन


चेर्नोदोल, ३० ऑक्टोबर

प्रिय लुबेन,

तपासणी झाली. शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू अजून चांगला आहे. उंदरांनी त्याची फक्त पेटी खाल्ली.

तीस बरण्या उघडल्या, प्रत्येक हातच्या थोड्या थोड्या. दोन वर्षांपुढच्या मिरच्या मऊ पडल्यात. सात बरण्यांची झाकणं फुगली आहेत, त्या मी डुकरांनाही दिल्या नाहीत. स्नेझानाच्या पीचवर बुरशी आहे. तिला सांगताना बेताने सांग.

रायनाकाकूच्या नऊ उघडल्या, ती पंधरा वर्षांपूर्वीचीसुद्धा. पाणी स्वच्छ, गाजर कडक, वास निर्मळ. मीठ इतरांच्या तिप्पट आहे. कुजवणारा कोणताही जीव त्यात जगत नाही. त्याचं आणि तुमचं मत एक आहे. पण भाजी रात्रभर साध्या पाण्यात ठेवली, पाणी दोनदा बदललं, की ती खाण्यायोग्य होते. योग्यच नाही, चांगली होते. मी खाल्ली, दोब्रीने खाल्ली आणि पुन्हा मागितली. पंधरा वर्षांत हे करून बघायचं मला सुचलं नाही, आणि मी रसायनशास्त्र शिकवत होते.

तुम्ही जगबुडीसाठी साठा करायला निघालात. तळघरात जगबुडीला पुरेल असा साठा एकाच बाईचा आहे. मी कागदावर 'योग्य' लिहून सही केली आहे. दुसरा शब्द हवा असेल तर दुसरा कोठारपाल बघा.

रायनाकाकू रोज फाटकाशी येऊन विचारते, "नाव लागलं का?" मी म्हणते, निकाल यायचा आहे.

वेसेलिना


सोफिया, २१ नोव्हेंबर

प्रिय ताई,

निकाल कळवायला उशीर झाला, कारण निकाल लागलाच नाही.

तुझा कागद वाचल्यावर कर्नल उठले आणि तेरा जण घेऊन बाहेर पडले. त्यांनी वेगळा संघ काढला आहे, 'खरी नौका'. त्यांचं गाव वेगळं आहे आणि ते इतकं गुप्त आहे, की त्यांच्यातल्याही निम्म्यांना माहीत नाही. जनित्र ते घेऊन गेले. शेगडी कोणाच्या नावावर घेतली होती यावरून दुसरे सहा जण गेले. दातांच्या डॉक्टरने राजीनामा दिला आणि कारणाच्या रकान्यात 'पोट दुखेपर्यंत हसले' असं लिहिलं. बाकीचे एकेक करून यायचे थांबले. आता उरलो मी, खजिनदार आणि शिक्का.

म्हणजे शाळेत शेगडी पेटणार नाही. हजेरी नाही. यादी रद्द झाली. काकूंना काय सांगायचं ते तू बघ. बरणी आणताना हे सगळं इतकं सोपं वाटलं होतं.

एक सांगायचं राहिलं. तालमीला बरण्या आणल्या तेव्हा कपाटाच्या अगदी मागच्या तीन मला दिसल्याच नव्हत्या. काल दिसल्या. तिन्हींवर निळी पेन्सिल आहे. टाकवत नाहीत.

लुबेन


चेर्नोदोल, ९ डिसेंबर

प्रिय लुबेन,

कालपासून बर्फ पडतंय, बस बंद झाली. हे पत्र टपालवाली पायी खाली नेईल.

रायनाकाकूला सांगायला मी रविवारी गेले. माझ्याकडच्या सहाही बरण्या धुऊन नेल्या, आत अक्रोड भरून. तिने त्या टेबलावर ओळीने लावल्या, आणि मी बोलायच्या आतच म्हणाली, "नाव लागलं नाही ना?"

"यादीच रद्द झाली, काकू. तुमचं नाव पहिलं होतं."

"कशाबद्दल?"

मला खोटं सांगता आलं असतं. पण मी सांगितलं. "तळघरात तुमच्या एकशे एकतीस बरण्या निघाल्या. सगळ्यांनी आणून दिल्या. न उघडलेल्या."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "एकशे चौतीस पाहिजेत. तीन अजून कुठेतरी आहेत."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं मास्तरीण, लोक खात असते तर बरण्या धुऊन परत आल्या असत्या. पंधरा वर्षांत एक आली नाही. दर शरद ऋतूत नव्या घेते मी. एवढं कळायला काय शाळेत जावं लागतं?"

"मग दर वर्षी देता कशाला?"

तिने एका बरणीचं झाकण उघडलं, अक्रोड बघितले, झाकण लावलं. "बरणी दिली की परत करायला कोणीतरी येणार असतं. आज ना उद्या. म्हणून तर मीठ जास्त घालते. कधी येतील सांगता येत नाही. तोवर टिकायला हवं."

मी तिथे बराच वेळ बसले. चहा झाला. मग घरी येऊन शाळेची वही काढली.

तळघरातल्या एकशे एकतीस बरण्या आता गावाच्या आहेत. उद्यापासून रोज एक. तिच्याशिवाय आम्ही अठरा जण आहोत. ज्याची पाळी त्याने आदल्या रात्री भाजी पाण्यात घालायची, पाणी दोनदा बदलायचं, जेवायचं आणि सकाळी आठला बरणी धुऊन, आत काहीतरी घालून, स्वतः रायनाकाकूच्या दारात नेऊन द्यायची. दाराशी ठेवून पळायचं नाही. तिने ओ दिली नाही तर दार ढकलायचं. तपासणीसाठी उघडलेल्या आणि माझ्या सहा बरण्याही हिशेबात आहेत. त्यांच्या दिवशी माणूस दुसरं काही घेऊन जाईल, पण जाईल. दोब्रीने शाळेची घंटा काढून माझ्या कुंपणाला टांगली आहे. बरणी पोचली की मी ती वाजवणार, म्हणजे बाकीच्यांना कळेल.

मी तारखा मांडून बघितल्या. एकशे एकतिसावी बरणी एकोणीस एप्रिलला पोचते. तोवर बर्फ वितळलेलं असतं आणि बस सुरू झालेली असते. साठा हिवाळ्याला पुरतो, असं वहीत लिहून मी सही केली आहे.

वीस, एकवीस आणि बावीस एप्रिल हे तीन दिवस मी तुझ्या नावावर लावले आहेत. पाणी दोनदा बदल. बरण्या टपालाने पाठवू नकोस, घेतल्या जाणार नाहीत. धुऊन स्वतः घेऊन ये. स्नेझानाला आण आणि आत काय घालायचं ते तिला ठरवू दे. पीच सोडून.

तुझी ताई,
वेसेलिना